एकेचाळिसावी पायरी

ऐका, आणि मध्येच हसू नका. तीस वर्षं बातमीदारी केली आहे मी. भल्याभल्यांना तोंडावर खोटारडे म्हटलं आहे. त्या दुपारी घरातून निघालो तोही एक खोटं पकडायलाच.

आमच्या पेपरात दर रविवारी एक सदर यायचं. खिशाला चाट न लावता, नुसतं पायी फिरून आपलंच शहर कसं बघावं, असं. लिहिणारा सहकारी सहा फूट दोन इंच. ऑफिसात त्याला उंटच म्हणत. अमक्या चौकापासून इतकी पावलं, वळणावरून तितकी, असे तो आकडे द्यायचा. मी त्याच्या खांद्याएवढा. त्याची दोनशे पावलं माझी तीनशे व्हायची, आणि मी भर मीटिंगमध्ये म्हणायचो की हा गडी खुर्चीत बसून शहर फिरतो.

मग एके दिवशी उंट घरी परतलाच नाही. कुठेतरी तोंड काळं केलं असेल, म्हणून ऑफिसने हात झटकले. मीही झटकले. दीड महिन्याने वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मला बोलावून त्याचा शेवटचा, न छापलेला लेख हातात ठेवला.

“चालून बघा, भाऊजी. एक आकडा चुकला तर खुशाल छापा, माझा नवरा लबाड होता म्हणून.”

एवढी खात्री? मला तिथेच संशय आला.

बाजारामागच्या कारंज्यापासून शिंप्याच्या दुकानापर्यंत तीनशे बारा पावलं, असं लेखात होतं. मोजली. तीनशे बारा. योगायोग, म्हटलं. पुढे बिनदाराच्या कमानीपर्यंत एकशे एकोणनव्वद. तीही भरली. कमानीखाली उभं राहिल्यावर डोक्यात उजेड पडला, आणि तो काही बरा उजेड नव्हता. आकडे बरोबर होते, पण माझ्या पावलांनी. उंटाच्या टांगेने ते कधीच जमले नसते. माझ्यामागे चालून माझी चाल कोणी मोजली होती? आणि कधी? मी दोनदा थांबून मागे पाहिलं. ऊन, बंद दुकानं, एक झोपलेला कुत्रा.

लेख संपत होता बंद पडलेल्या टेलिफोन केंद्राशी. गच्चीवर जायला बाहेरून लोखंडी जिना. पहारेकऱ्याने मला नीट न्याहाळलं, एकटेच ना म्हणून विचारलं आणि फाटक उघडलं. गंजाचा आणि भिजून वाळलेल्या कागदाचा वास येत होता. प्रत्येक पायरी घणघणत होती. एकेचाळीस.

वरून सगळं शहर फुकटात दिसत होतं. वाळत घातलेल्या चादरी, शाळेचं रिकामं मैदान, माझ्याच ऑफिसची खिडकी. मी लेख काढला. “चढताना एकेचाळीस पायऱ्या. उतरताना चाळीस.”

सापडला लेकाचा. जिना काय चढताना लांब नि उतरताना आखूड होतो?

मोजत उतरलो. चाळिसाव्या पायरीनंतर पाय जमिनीला लागला. रागारागाने पुन्हा चढलो: एकेचाळीस. पुन्हा उतरलो: चाळीस. खाली अगदी स्तब्ध उभा राहिलो...

आणि माझ्यामागे लोखंड एकदा वाजलं. हलकेच. कोणीतरी पुरता भार टाकून शेवटच्या पायरीवर उभं राहावं, तसं.

लेखाच्या दोन ओळी वाचायच्या राहिल्या होत्या. त्या मी तिथे, मान न हलवता वाचल्या. “एकेचाळिसावी आपल्यामागे वाजते. उद्या पुन्हा जाऊन वळून बघणार आहे.”

जन्मभर लोकांना प्रश्न विचारून हैराण केलेला माणूस मी. मी वळलो नाही. सरळ फाटकाबाहेर पडलो. पहारेकऱ्याने फाटक लगेच लावलं नाही. मागून येणाऱ्यासाठी धरावं तसं ते क्षणभर धरून ठेवलं.

तडक वहिनींकडे गेलो. आकडा न् आकडा खरा आहे, मीच चुकलो, असं त्यांना सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, दार लोटलं आणि समोर बसल्या.

“वळून बघितलंत?”

“नाही.”

“मीही नाही बघितलं,” त्या म्हणाल्या. “माझ्या पावलांनीही तीनशे बाराच भरली होती.”

माझं डोकं सणकलं. म्हटलं, “तुम्हाला सगळं माहीत होतं, तरी मला पाठवलंत?”

“ते खुर्चीत बसून लिहितात, असं तुम्हीच म्हणत होतात ना, भाऊजी?” आवाज चढला नाही की पडला नाही. “रोज घरी येऊन त्या मीटिंगचं सांगायचे मला.”

मी काही बोलणार, तेवढ्यात बाहेर जिन्यावर एक पाऊल वाजलं. एकच. त्यांच्या इमारतीचा जिना दगडी. आवाज मात्र लोखंडाचा.

मी वहिनींकडे पाहिलं. नवरा आला या आशेने त्या उठतील, निदान घाबरतील, असं वाटलं होतं. त्या माझा रिकामा पेला उचलत होत्या.

“माझ्यामागची एकेचाळिसावी आत येऊन महिना झाला,” त्या म्हणाल्या. “ही तुमची. जाताना घेऊन जा.”