बाबांनी पाहिलेली वस्ती

"बाबा, तुम्ही खरंच तीन दिवस इथे येऊन बसला होतात ना?... की घरबसल्या थाप मारलीत?"

नव्या घरातली ती पहिलीच सकाळ होती. खोकी अजून सोडायची होती, पडदे लागायचे होते, आणि मुलगा दारात उभा राहून हे विचारत होता. त्याच्या पाठीमागे पलंगाच्या काठावर सून बसली होती. रात्रभर हॉस्पिटलात ड्यूटी करून ती नुकतीच परतली होती, अंगावर नर्सचा गणवेश तसाच होता, आणि दोन्ही तळहात तिने कानांवर घट्ट दाबून धरले होते. मुलाच्या ओठांवरून शब्द वाचायच्या आधीच बाबांना ते हात दिसले... आणि त्यांच्या काळजात चर्र झालं! इथे आवाज आहे. मोठा आवाज आहे. आणि तो आपल्याला ऐकू येत नाही!

होय, बाबांना ऐकू येत नव्हतं. कोणी अगदी समोर येऊन, तोंड उघडून मोठ्याने बोललं तर कळायचं. बाकी सगळा कारभार ओठांवरून, चेहऱ्यावरून आणि अंदाजाने चालायचा. पण घरात कोणाला पत्ता नव्हता. मुलगा मितभाषी, सून दिवसा झोपणारी. फोन वाजला की "मला नाही जमत बुवा ते यंत्र" म्हणायचं, जेवताना मान हलवायची आणि उरलेला वेळ वर्तमानपत्रात डोकं घालून बसायचं. मुलाची आई होती तोवर तिने सांभाळून घेतलं. ती गेल्यावर बाबा नुसतेच अबोल झाले, आणि लोकांनी त्याला दुःख असं नाव दिलं. ते खोटंही नव्हतं.

का लपवलं म्हणाल, तर बाबा कारखान्यात प्रेसवर होते. पत्रा घालायचा, दांडा दाबायचा, धाडकन आवाज, पुन्हा पत्रा... उभी हयात त्यात गेली. अकरा वर्षांपूर्वी कारखान्याच्या डॉक्टरांनी कान तपासले आणि सांगितलं, "आजच प्रेसवरून उठा, स्टोअरमध्ये बसा. नाहीतर दोन वर्षांत काही उरायचं नाही." स्टोअरमध्ये पगार कमी आणि ओव्हरटाइम नाही. आणि त्याच आठवड्यात पोराला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला! बाबांनी चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि पुढची चार वर्षं प्रेसवरच काढली. हे जर पोराला कळलं असतं, तर त्याच्या गळ्याखाली घास उतरला नसता. म्हणून ब्र काढायचा नाही, असं त्यांनी बायकोकडून वचन घेतलं होतं.

आणि नियती तरी कशी निर्दय! वस्ती पारखायचं काम नेमकं त्यांच्याच वाट्याला यावं! सुनेनेच ते सोपवलं होतं, समोर बसून, एकेक शब्द नीट उच्चारून. "बाबा, घर लहान असलं तरी चालेल, स्वयंपाकघर अंधारं असलं तरी चालेल, पण वस्ती शांत हवी. मला दिवसा झोपायचं असतं. आम्हाला रविवारशिवाय सवड नाही, आणि रविवारी सगळ्याच गल्ल्या शहाण्या असतात. तुम्ही मधल्या वारी जाऊन बसा. सकाळी बघा, दुपारी बघा, संध्याकाळी बघा. तुम्ही हो म्हणालात की मी डोळे मिटून हो म्हणेन."

एवढा विश्वास! बायको गेल्यापासूनच्या दोन वर्षांत त्यांच्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. त्या क्षणी खरं बोलायला हवं होतं, अगदी मान्य. पण बाबांना वाटलं, कान नसले म्हणून काय झालं, डोळे आहेत की.

आणि त्यांनी मन लावून काम केलं हो! पहिली वस्ती नापास केली, कारण भर उन्हाळ्यात खिडक्या बंद होत्या. दुसरी नापास, कारण कोपऱ्यावर बस वळत होती. तिसरी ही. गल्ली एवढी अरुंद की ट्रक शिरणार नाही. भर दुपारी रस्त्याच्या मधोमध कुत्रं पाय ताणून झोपलेलं. आणि समोरच्या पायरीवर एक तरुण आई बसली होती, तिच्या मांडीवर तान्हं मूल तोंड उघडं टाकून गाढ झोपलं होतं. तीन दिवस, त्याच वेळी, तसंच. जिथे तान्हं मूल दुपारचं असं झोपतं, तिथे आणखी काय तपासायचं?

शिवाय तिथली माणसं! इस्त्रीवाला, चांभार, शिलाईचं काम करणारी बाई... सगळे अगदी जवळ येऊन, तोंड मोठं करून, हातवारे करत बोलत होते. आणि बाबांना सगळं कळत होतं! किती वर्षांनी माणसांत बसून ते वेळेवर हसले होते! "काय मोकळी माणसं आहेत," असं म्हणतच ते घरी गेले. त्यांना काय ठाऊक, की मागच्या उंच भिंतीपलीकडे पत्र्याची पिंपं ठोकण्याची शेड आहे, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तिथे दहा-बारा हातोडे चालतात, आणि या गल्लीतली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात! ते तान्हं मूल तर त्या ठणठणाटातच जन्मलं होतं.

"मला इस्त्रीवाल्याने सांगितलं," मुलगा दुसऱ्या दिवशी संतापून म्हणाला. "तीन दिवस तुम्ही त्याच्याकडे बसून हसत-खिदळत होतात! तुम्हाला गप्पा मारायला चार टाळकी मिळाली, म्हणून तुम्ही आमच्या झोपेवर निखारा ठेवलात?"

बाबांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या मागे ती चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीच्या मागे ती चार वर्षं...

"हो," ते म्हणाले. "मला आवडली वस्ती."

त्यात थोडं खरंही होतं, आणि तेच त्यांना रात्रंदिवस खात राहिलं. आपण खरंच आपल्यापुरतं पाहिलं का? आपलं मन रमलं म्हणून आपण आणखी तपास केला नाही का?

त्यानंतर मुलगा त्यांच्याशी बोलेनासा झाला. सून कानात कापूस घालून, उशीखाली डोकं घालून, कधी न्हाणीघरात सतरंजी टाकून पडायची. डोळ्याला डोळा लागत नव्हता. घर विकावं, तर बघायला येणारे गल्लीच्या तोंडाशीच थबकायचे आणि परत फिरायचे. अखेर दोन महिन्यांनी एका पहाटे वॉर्डात तिने एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याला द्यायला घेतलं. शेजारच्या नर्सने हात धरला म्हणून अनर्थ टळला! वरिष्ठांनी तिला सक्तीच्या रजेवर पाठवलं. पुन्हा असं झालं तर नोकरी जाणार होती.

मुलाने हॉस्पिटलजवळ भाड्याची एक खोली ठरवली. तो निर्णय त्याने खिडकीबाहेर बघत बाबांना सांगितला, आणि बाबांनी सवयीप्रमाणे मान हलवली. काय ठरलं ते त्यांना दोन दिवसांनी उमगलं, वळकट्या दोनच बांधलेल्या पाहून. आपली गादी त्यांनी भिंतीशी नीट लावून ठेवली.

निघायच्या दिवशी दुपारी मुलगा टेम्पो आणायला गेला. बाबा दाराकडे पाठ करून जमिनीवर बसले होते आणि सुनेचे चहाचे कप वर्तमानपत्रात गुंडाळत होते. ती दारात येऊन उभी राहिली. दोन महिने दाबून धरलेलं सगळं त्या पाठीकडे बघून उसळून आलं.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता, बाबा! सख्ख्या बापावर ठेवावा तसा! त्या पहाटे माझ्या हातून एखादा माणूस मेला असता... कळतंय का तुम्हाला? एकदा तरी म्हणा, चुकलो! एवढासा शब्द! तेवढाही निघत नाही तुमच्या तोंडून?"

बाबांनी कपावरची धूळ फुंकली आणि कागदाची कडा आत दुमडली.

"माझ्याशी बोला!" ती किंचाळली आणि हातातलं स्टीलचं पातेलं तिने फरशीवर आदळलं. पातेलं ठणठणत, गरगरत बाबांच्या पाठीमागे वीतभर अंतरावर येऊन थांबलं. बाबांचा खांदासुद्धा हलला नाही. पुढचा कागद घ्यायला ते वळले, तेव्हा त्यांना ती दिसली, आणि ते हसले.

"आलीस? तुझे कप मी वेगळे बांधतोय हं. एकही फुटायचा नाही."

ती नर्स होती. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला, ती त्यांच्या समोर गुडघ्यांवर बसली, त्यांची हनुवटी धरून तिने त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं, आणि ओठ सावकाश हलवत विचारलं, "बाबा... कधीपासून?"

"काय कधीपासून?" बाबा म्हणाले. पण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्या डोळ्यांपुढे सोंग टिकेना. त्यांनी हात जोडले.

"पोरी, पोटची मुलगी समजून सांगतो, त्याला यातलं काही कळू देऊ नकोस. अकरा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले होते, प्रेसवरून उठा. पण त्याच आठवड्यात त्याचा प्रवेश झाला होता गं... उठलो असतो तर फी कुठून भरली असती? कान काय, म्हातारपणी जायचेच. तो मला खोटारडा समजतो ना, समजू दे. ते मला झेपतं. आपल्यापायी बापाचे कान गेले, हे त्याला नाही झेपायचं."

बाबांना वाटत होतं, आपण अगदी हळू बोलतोय. पण स्वतःचाही आवाज त्यांना कळत नव्हता, आणि ते त्या हातोड्यांच्या वरताण ओरडत होते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मुलगा उभा होता. त्याने शब्दन् शब्द ऐकला.

तो आत आला. सुनेने मान वर करून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. बाबांनी तिच्या नजरेच्या रोखाने मागे पाहिलं, मुलाचा चेहरा पाहिला, आणि त्यांना कळून चुकलं.

"अरे, तसं काही नाही..." ते गडबडून म्हणाले. "थोडंसंच कमी येतं. तू..."

मुलगा कोसळलाच. लहानपणी यायचा तसा तो बाबांच्या मांडीत शिरला, तोंड खुपसून, दोन्ही हातांनी त्यांची कंबर आवळून, आणि बोलू लागला. खूप बोलला. जन्मात त्याच्या तोंडून इतके शब्द कधी निघाले नसतील. बाबांना मांडीवर त्याचा ऊन श्वास जाणवत होता, खांदे गदगदताना दिसत होते, आणि ओठ... ओठ तेवढे दिसत नव्हते.

सुनेला ते उमजलं. "अहो, तोंड वर करा, त्यांना दिसत नाहीये..." असं म्हणत ती मुलाचं डोकं उचलायला पुढे झाली. पण बाबांनी तिचा हात हलकेच बाजूला केला आणि मान हलवून तिला थांबवलं. मुलाच्या केसांत ते बोटं फिरवत राहिले. टाळूवर केस विरळ झाले होते. त्यांना ते आजच दिसलं.

बऱ्याच वेळाने मांडीवरचा श्वास शांत झाला. मुलगा बोलायचा थांबला असावा, असं बाबांना वाटलं.

"कळलं रे, बाळा," ते म्हणाले. "सगळं कळलं."