उतारावरची साद

साकोलीहून लाखनीकडे जाताना जंगलातून एक लांब उतार लागायचा. त्याच्या पायथ्याशी परसरामचा धाबा होता. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. रस्ता दोनपदरीच होता, आणि त्या जंगलात मोबाईलला रेंज मिळणं वाघ दिसण्याइतकंच नवलाचं.

एका दुपारी परसरामची लेक रेणू चुलीवरचा चहा उतरवत होती, तोच जळका वास तिच्या नाकात शिरला. तिने बाहेर डोकावलं. लोखंडी प्लेटा लादलेला एक भला मोठा ट्रेलर येऊन उभा होता. चाकांतून धूर निघत होता, आणि एक उंच, सावळा ड्रायव्हर पाण्याची बादली उचलून त्या धुरावर ओतायच्या बेतात…

"ओ भाऊ! बादली खाली ठेवा!"

तो असा दचकला, की अर्धं पाणी त्याच्याच चपलांवर सांडलं.

"काहून? ब्रेकचा ड्रम तापला आहे न."

"तापला आहे म्हणूनच! तापल्या मातीच्या तव्यावर पाणी टाकलं का तडकते न? तसाच ड्रम तडकते. मग पुढच्या उतारावर कोणाले हाक मारान?"

"सगळेच तर टाकतात…"

"म्हणून सगळ्यांचेच तडकतात."

खाटेवर बसलेला परसराम मिशीत हसला. उभी हयात त्याने ट्रक चालवला होता. आता गुडघा वाकत नव्हता, म्हणून खाटेवर बसून तो उतार ऐकायचा. कोण ब्रेक जाळत येतोय, कोण जपून येतोय, नुसत्या आवाजावरून सांगायचा.

"बस गा. नाव काय तुझं?"

"योगेंद्र. एकोडीचा आहो."

"तुझ्या गाडीले एक्झॉस्ट ब्रेक नाही का?"

"आहे न बाबूजी. पण मालक म्हणते, लावू नको, इंजिन खराब होते."

"डोकं खराब आहे मालकाचं! पळत्या माणसाचं नाक दाबलं तर तो पळते का? तसंच हे. बटन दाबलं का धुराची नळी आवळते, इंजिनचा जीव गुदमरते अन् गाडी आपसूक हळू होते. ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं, रेसवरचा पाय उचलायचा, एक्झॉस्ट लावायचं. चाकाचा ब्रेक अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा."

"पण रस्ता ओला अन् ट्रेलर रिकामा असला तर लावायचं नाही," रेणू चहा पुढे करत म्हणाली. "समोरची गाडी अडते, मागून ट्रेलर ढकलते, अन् सगळं रस्त्यावर आडवं होते."

योगेंद्रने कप घेतला. बोटाला बोट लागलं, जरासंच.

"तुमच्याइथे चहासंगं परीक्षा बी असते का?"

"असते. नापासले बिस्कुट भेटत नाही."

त्या दिवशी त्याला बिस्कीट मिळालं नाही.

पुढच्या खेपेला तो आला तो घुर्रर्र… घुर्रर्र करत, जडशीळ ट्रेलर गोगलगायीसारखा अलगद उतरवत. चाकांना ना वास, ना धूर. रेणूने बशीत दोन बिस्किटं ठेवली. मग तो दर खेपेला थांबू लागला. शेवटच्या वळणावरून धाबा दिसला, की बटन दाबून-सोडून तीनदा घुमवायचा… घुर्रर्र, घुर्रर्र, घुर्रर्र. आणि इकडे चुलीवरचं दूध हमखास उतू जायचं.

"एक सांगू?" एकदा तो म्हणाला. "ते 'भाऊ' म्हणणं बंद कर."

"मग काय म्हणू?"

"योगेंद्र म्हण."

"बाप्पा! माझ्या तोंडात नाही बसत ते."

"बसन हळूहळू. नव्या गाडीचा गिअर बी पहिल्यांदा कुठी बसते?"

ती पदराआड हसली. पण हसणं फार दिवस टिकलं नाही. जिल्ह्यातल्याच शहापूरच्या एका दुकानदाराचं स्थळ सांगून आलं. रविवारी पाहुणे यायचे होते.

"ड्रायव्हरले पोरगी देणार नाही," परसराम कोणी न विचारताच बोलला. "हिच्या मायनं रस्त्याकडे पाहतच जवानी काढली."

"काढली न," रेणूची आई कौशल्या भाकरी थापता थापता म्हणाली. "मी तक्रार केली का?"

परसरामने उताराकडे तोंड वळवलं.

योगेंद्र आला, तेव्हा रेणूने हातपंपाजवळ त्याला सगळं सांगितलं.

"घरी आईले विचारतो," तो म्हणाला. "ती हो म्हणली तर रविवारच्या आत येतो अन् उतारावर तीनदा घुमवतो. मग तुझ्या बाबूजीले मीच विचारीन. अन् नाही म्हणली तर…"

"तर?"

"तर चुपचाप निघून जाईन. थांबणार बी नाही."

शनिवारी सकाळपासून आभाळ दाटलं. धानाच्या चुरण्याचे, मळणीचे दिवस, आणि हा अवकाळी पाऊस! दुपारी रिपरिप थांबली. पळसाची पानं तेवढी टपटपत राहिली. रेणू दाराशी उभी होती. आणि वळणावर त्याचा ट्रेलर दिसला…

आली गाडी. हळू, अगदी हळू. नुसत्या माल बांधायच्या साखळ्या खडखडल्या. घुर्रर्र नाही. एकदाही नाही. ट्रेलर धाब्यासमोरून सरळ पुढे निघून गेला.

रेणूच्या हातातली पळी खाली पडली.

"रडून कायले राहिली व?" परसराम खाटेवरून म्हणाला.

"मी कुठी रडून राहिली…"

"तीनदा वाजलं नाही म्हणून न? इतके दिवस मी बी ऐकूनच राहिलो. कान माझे शाबूत आहेत, पोरी!" तो काठी टेकत उठला. "साखळ्या खडखडल्या, म्हणजे ट्रेलर रिकामा. रस्ता ओला. अशात ज्यानं पोरीसाठी एक्झॉस्ट घुमवलं असतं, त्याले मी पोरगी देली नसती. पढवलं तूच, अन् विसरली बी तूच!"

रेणू तशीच रस्त्याकडे धावली. पुढे सपाटीवर, मुरमाच्या पक्क्या जागी ट्रेलर उभा होता. केबिनमधून योगेंद्र एका बाईला हात देऊन उतरवत होता, आणि त्या बाईचा आवाज धाब्यापर्यंत येत होता.

"इतक्या उंच बसवते का रे मायले? अन् इकडे इतक्या दूर कायले उभी केली?"

"धाब्यासमोर निसरडं आहे, आई."

त्याच्या आईच्या, बेबीबाईंच्या, काखेत नव्या धानाच्या पोह्यांचं गाठोडं होतं. त्यांनी रेणूला आपादमस्तक न्याहाळलं.

"हेच का ते पोरगी, जिनं तुले बिस्कुट देलं नाही?"

"हेच," योगेंद्र म्हणाला. विस्कटलेले केस, आणि डोळे मात्र रेणूवर. "रस्ता ओला होता न… म्हणून वाजवलं नाही. तू घाबरली का?"

"नाही तर!" ती डोळे पुसत म्हणाली.

तिघं चिखल तुडवत धाब्यावर आली. परसरामने खाट झटकून पाहुण्यांसाठी सरकवली. "शहापूरवाल्याले निरोप धाडा," तो कौशल्येला म्हणाला, "उद्या येऊ नका म्हणा."

रेणू हातपंपावरून बादली भरून आणत होती. योगेंद्रने हात पुढे केला.

"ड्रमावर नाही टाकणार, शपथ! पाय धुतो."

"पाय तापले आहेत का?"

"पाय नाही…"

"मग घ्या," रेणू म्हणाली, आणि बादली त्याच्या हाती देताना, इतकं हळू की चुलीजवळ कोणाला ऐकू गेलं नाही, पुढे बोलली, "…योगेंद्र."

अर्धं पाणी पुन्हा त्याच्याच पायांवर सांडलं.