रेअरचा राखणदार

"माझ्यासाठी ‘रेअर’ वापरायची परवानगी देशील?"

एका दमात विचारलं मी! मागे जिन्यात मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंडं खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच.

त्याचं असं झालं, आमच्या इंग्रजीच्या बाईंनी सहामाहीसाठी प्रत्येकाला एकेक विशेषण सांभाळायला दिलं होतं. दुसऱ्या कुणाला ते निबंधात वापरायचं असेल, तर आधी राखणदाराची सही घ्यायची. मला मिळालं ‘लाउड’. अख्खा वर्ग पोट धरून हसला! मी तर मागेल त्याला सही देत सुटले. पण ‘रेअर’वाला? शेवटच्या बाकावरचा, उंच, शांत... महिनाभरात त्याची एकही सही नाही. कुणी सूर्यास्त नेला, कुणी आईची माया नेली. सगळ्यांच्या वह्या सहीविना परत.

"तुझ्यात रेअर काय आहे?" त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं.

"माझं हसू!"

"ते तासाला दहा वेळा ऐकू येतं. छान आहे... पण छान म्हणजे रेअर नाही. शोधूनही क्वचित सापडतं, ते रेअर."

मी घरी फक्त ‘छान आहे’ घेऊन गेले.

मग रोज मधल्या सुट्टीत माझं नवं वाक्य तयार.

"वर्गात खडू रेअर झालेत? छे, ही नुसती टंचाई. उद्या खोका येईल," वही परत देत तो म्हणाला.

"किती रे हट्टी तू!"

"तूही. म्हणजे हट्टही रेअर नाही."

एके दिवशी मात्र माझ्याकडे वाक्यच नव्हतं. सकाळी घरी ठरलं होतं — पुढच्या वर्षी मला मावशीकडे पाठवायचं, तिथल्या मोठ्या शाळेत. ‘शहाणी आहे, नाही म्हणायची नाही,’ बाबा आईला म्हणाले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

शाळा सुटल्यावर फाटकाशी मी हे सगळं त्याला सांगत राहिले. त्याची बस आली... गेली. तो जागचा हलला नाही. मी अडखळले की एवढंच म्हणायचा, "मग?"

सांगून संपलं तेव्हा मी वही काढली आणि लिहिलं, ‘शेवटपर्यंत ऐकणारं माणूस रेअर असतं.’

त्यानं दोनदा वाचलं. आणि सही केली!

"माझंही एक वाक्य आहे," त्याचे कान लाल झाले होते. "स्वतःची सही चालत नाही ना... तू करशील?"

‘जिच्यासाठी बस चुकवावीशी वाटते, अशी मुलगी रेअर.’

"अशा... किती आहेत?"

"एकच. नीट शोधलंय."

माझी सही पार गिचमिड आली. ‘लाउड’च्या राखणदारणीनं ‘चालेल ना?’ हेही कुजबुजतच विचारलं!

संध्याकाळी आई मावशीशी फोनवर बोलत होती, बाबा प्रवेशाचा अर्ज भरत होते. मी अर्जावर हात ठेवला.

"आई, फोन ठेव जरा. बाबा, मी मावशीकडे जाणार नाहीये. का, ते सगळं सांगते. त्यात एक मुलगाही आहे, दचकू नका — पण माझं होईपर्यंत मधे कुणी बोलायचं नाही."