दार बघा – मोतीराम

ज्यांना विश्वास ठेवायचा नाही, त्यांनी खुशाल हसावं. शिवराजही हसायचा. वाळूजच्या त्या कारखान्यात आता तो हसत नाही.

गेल्या मे महिन्यातला मंगळवार. भर दुपारचे तीन.

रंग भाजायच्या भट्टीचा कॉम्प्युटर सुरू झाला की स्क्रीनवर चारशे ओळी धावत, आणि त्या संपल्या की भट्टी तापायला लागे. सिस्टीमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, ही बडबड शिवराजला सहन होत नसे. दोन वर्षं पुण्यात राहून आलेला, त्यामुळे त्याच्या लेखी बाकी सगळे अडाणी. शेवटची ओळ तर त्याच्या डोक्यातच जायची.

'दार बघा – मोतीराम.'

मोतीरामनं हा प्रोग्राम बसवला होता. दिवाळीत तो वारला, आणि त्याच्या जागी शिवराज आला.

"कर्नल म्हणजे काय ग्रामपंचायतीची भिंत आहे, स्वतःचं नाव रंगवायला?" शिवराज म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या साहेब," भट्टी चालवणारा गोकुळ म्हणाला. "ती ओळ दिसली की मी भट्टीचं दार उघडून बघतो. सवय हाय."

"तुझ्या सवयीसाठी मी कचरा सांभाळू?"

त्यानं सगळ्या ओळी काढल्या. गोकुळनं दिलेल्या नव्या मेमरी कार्डावर प्रोग्राम भरून ते मशीनमध्ये घातलं. बटण दाबलं.

काळा स्क्रीन. एकही ओळ नाही.

मग...

'दार बघा – मोतीराम.'

या गाढवानं जुनंच कार्ड दिलं असणार. गोकुळला दोन शिव्या हासडून शिवराजनं कार्ड उपसलं. कार्डाशिवाय ते मशीन म्हणजे नुसतं डबडं. त्यानं पुन्हा बटण दाबलं.

'दार बघा – मोतीराम.'

गोकुळ धावला. दार उघडलं.

आत सफाई करणारी दगडाबाई उकिडवी बसून वाळलेला रंग खरवडत होती. दार कधी लोटलं गेलं, तिला कळलंच नव्हतं. तिला ऐकू कमी येतं.

"काय झालं रं पोरा?"

शिवराजनं हात धरून तिला बाहेर काढलं. माज उतरला, पण किती उशिरा.

त्याच संध्याकाळी त्यानं सगळ्या ओळी परत घातल्या. मोतीरामची ओळ स्वतःच्या हातानं लिहिली, अक्षरही न बदलता. तीनदा वाचली. मशीन सुरू केलं.

चारशे ओळी धावल्या. शेवटची थांबली...

'दार बघा – शिवराज.'

प्रोग्राममध्ये आजही मोतीरामचंच नाव आहे.

मोतीरामनं आठ वर्षांत एकही रजा घेतली नव्हती, असं गोकुळ सांगतो.

त्या मंगळवारपासून शिवराजनंही घेतलेली नाही.