खालून शिवणारी

हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग सांगते.

मागच्या पौषात मी, शरदिनी, रिटायर मास्तरीण, दारोदार चिंध्या मागायला निघाले. माझी भाची रुचा माझ्याजवळच राहते. तिची दोन बाळं हाताला लागली नाहीत. तिसरं आठव्या महिन्यातच झालं आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. आमच्याकडे अशा बाळाला मागून आणलेल्या तुकड्यांचं दुपटं करतात. तुकडे मात्र जिची लेकरं हसतखेळत आहेत, अशाच बाईचे. काळ डोकावला तरी त्याला वाटावं, हे पोर दहाजणींचं आहे. असल्या गोष्टींना मी जन्मभर नाक मुरडलं. पण घरचं पोर पणाला लागलं, की नाक आपोआप सरळ होतं.

अमृतराव घाटापासून सगळी मराठी घरं पालथी घातली. कोणी नऊवारीचा काठ दिला, कोणी जुनं झबलं. संकठा घाटावर आले तेव्हा भरदुपारी धुक्याचा कोहरा असा, की गंगा नुसती ऐकू येत होती. पायरीवर एक बाई बसली होती. तिच्या अंगाला ओल्या मातीचा वास येत होता.

"बाळासाठी?" तिने विचारलं. मराठीतच.

"हो. आहे का काही जुनेर?"

"माझं चालायचं नाही... माझं एकही लेकरू राहिलं नाही. शिवायला येऊ?"

मला भरून आलं. "या की! घर तुमचंच आहे," म्हटलं. आपण म्हणतोच ना तसं. पत्ता तिने विचारला नाही, मीही सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून रुचाचा फोन. "आत्या, आज शाम को छुट्टी देतायत! दुपटं झालं?"

झालं कसलं, कप्पाळ! तुकडे नुसते टाचलेले, आणि गारठ्याने बोटं लाकडासारखी. दार लावून चौकीवर, म्हणजे बसक्या लाकडी पलंगावर, दुपटं पसरलं, तेवढ्यात बिजली गेली. मेणबत्ती लावली आणि सुई खाली खुपसली. ती वर काढायला बोटं वळवणार, तोच ती आपणहून वर आली.

वाटलं, भास. पुन्हा खुपसली. खालून कोणीतरी ती धरली, दोरा हलकेच ओढला, आणि टोक नेमकं टाक्याच्या अंतरावर वर आलं. खाली चौकीची सलग फळी! मी वाकून चौकीखाली पाहिलं. कोणी नव्हतं. ओल्या मातीचा वास तेवढा येत होता.

पळालेच असते हो! पण संध्याकाळी पोर येणार होतं, आणि मदतीला दुसरं होतं कोण?

"बाई..." मी कसंबसं म्हटलं, "आलाच आहात तर... टाके बारीक घाला."

मग मी वरून सुई देत गेले, ती खालून परत करत गेली. बिजली आली तेव्हा दुपटं पुरं झालं होतं.

बाळ, आमचा ढुंढिराज, घरी आला तो त्याच दुपट्यावर निजला. डॉक्टरांनी बजावलं होतं, झोपेत श्वास थबकला तर थोपटा. रुचा आणि मी आळीपाळीने जागायचो. एका सकाळी दोघींचाही डोळा लागला. दचकून उठले तर बाळाचे ओठ निळे... आणि त्याच्या पाठीखाली दुपटं वरखाली होत होतं. थप्... थप्... थप्... बाळाने मोठा श्वास घेतला आणि असा टाहो फोडला, की शेजारी धावत आले. मी त्या दुपट्यावर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले. तिचे उपकार सात जन्मांत फिटायचे नाहीत.

आता ढुंढिराज घरभर रांगतो. काल दुपट्याची घडी घालून ट्रंकेत ठेवली, वर हळदकुंकू वाहिलं. "बाई," म्हटलं, "तुमच्यामुळे पोर राहिलं. ते तुमचंच समजा."

माझं मेलं तोंडच असं. आपण म्हणतोच ना तसं...

आज सकाळी रुचा स्वयंपाकघरात होती. ढुंढिराज रांगत चौकीपाशी गेला, पालथा पडला, खालच्या अंधारात बघून खुदकन हसला आणि म्हणाला, "आई."

पहिलाच शब्द! रुचा कणकेच्या हातांनी धावत आली. "आत्या, ऐकलंस? अरे, मी इकडे आहे, इकडे!"

त्याने वळूनही पाहिलं नाही. हात चौकीखाली घातलेला, आणि कुणाचं तरी बोट धरावं तशी मूठ घट्ट मिटलेली.