आम्ही पोचायच्या आधी

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. मी त्या वॉर्डात होते, म्हणून सांगते.

१९७४चा एप्रिल. सांगलीजवळचं एक मिशन हॉस्पिटल. मी तिथं नर्स होते. माझे वडील शांतवन तिथलेच पाद्री. पेशंट हाताबाहेर गेला की बाबा त्याच्याजवळ बसायचे. हिंदू असला, तर गोपाळकृष्णबुवा कीर्तनकारांना सायकलवर डबलसीट घेऊन यायचे. बुवा गीता म्हणायचे, बाबा पेशंटचे पाय चेपायचे.

माणूस शांतपणे जायचा.

त्या दुपारी कुंडलचे लालासाहेब शेवटच्या घटका मोजत होते. फौजेतला गडी. बाबा आणि बुवा आले. त्यांना बघून लालासाहेबांनी... अंग चोरलं.

"आवं, आत्ताच येऊन गेलासा की तुमी दोघं!"

मी दारातच बसले होते. कुणीही आलं नव्हतं.

"काय म्हणालो आम्ही?" बुवांनी विचारलं.

"त्ये परत नका सांगू... पाया पडतो."

भिंतीकडं तोंड करून लालासाहेब गेले. हात धरू दिला नाही.

आठवड्यात आणखी दोन पेशंट तसेच गेले. निरोप मिळताच बाबा धावायचे. तरी...

"येऊन गेलासा की."

मग कोरेगावच्या अंबूबाई. पोटचं कुणी नाही. डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले.

"बुवा, आज उठायचं नाही. चहालासुद्धा नाही," बाबा म्हणाले.

दोघं दोन बाजूंना बसले. अंबूबाईंचा एकेक हात दोघांच्या हातात.

चार वाजले.

बुवांचे ओठ हलत होते... पण आवाज येईना.

अंबूबाईंनी दाराकडं पाहिलं.

"या. बसा."

दारात कुणी नव्हतं.

त्या ऐकत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाबा हाका मारत होते, "मावशी, इकडं बघा! माझ्याकडं बघा!"

अंबूबाईंनी दोन्ही हात सोडवून घेतले. बाबांकडं पाहिलं. बुवांकडं पाहिलं.

"पाद्रीबाबा अन् बुवा तर तितं हुबं हायती... मग तुमी कोण?"

बाबांनी पुन्हा हात पुढं केला.

त्या घाबरलेल्याच गेल्या.

बुवा पुन्हा हॉस्पिटलात आले नाहीत. बाबा मात्र रिटायर होईपर्यंत जात राहिले. फक्त वॉर्डाच्या दाराबाहेर थांबायचे, मला जवळ बोलवायचे आणि हळूच विचारायचे,

"बघ गं... मी आत आहे का?"

मी "नाही" म्हणायचे.

वळून आत बघायचा धीर मला एकदाही झाला नाही.