हिरवी चिंधी

चढाईच्या निमंत्रणाच्या माझ्या पोस्टकार्डावर एक ओळ कायम असे: 'ज्यांनी आधी दोन-चार डोंगर चढले आहेत, त्यांनीच यावे.' ती वाचून जे येत, त्यांतले निम्मे लालबागेतला खडक चढून आलेले असत. लालबागेचा खडक म्हणजे डोंगर नव्हे, हे बंगळूरच्या माणसाला पटवणं मला शेवटपर्यंत जमलं नाही.

मी बिंदुमाधव. सरकारी नकाशे काढणाऱ्या कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. घर चामराजपेटेत, दोन खोल्या, पुढे लोखंडी फाटक. घराणं तीनशे वर्षं इथलंच. मराठी फाटकाच्या आत, कन्नड फाटकाबाहेर. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही आहे असं म्हणवत नाही. जे झालं ते सांगतो. अर्थ लावायच्या फंदात मी पडलेलो नाही.

१९४९ पासून दर महिन्याला एका शनिवार-रविवारी मी आठ-दहा माणसांना डोंगर चढायला नेत असे. बहुतेक वेळा सावनदुर्ग. कलासिपाळ्याहून मागडीची बस, पुढे पायी, रात्री पायथ्याच्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, मुक्काम आणि रविवारी सकाळी करीगुड्ड्याची चढाई. करीगुड्डा म्हणजे एकच एक काळा दगड, अख्ख्या पेटेएवढा. वाट अशी नाहीच. दगडावरून पाणी वाहून पांढरे पट्टे उठलेत आणि ते सगळेच वाटेसारखे दिसतात. त्यांतला एक वर नेतो, बाकीचे माणसाला कड्यावर नेऊन सोडतात.

म्हणून आमची एक पद्धत होती. पुढचा माणूस मी. जिथे फाटा फुटे तिथे मी झुडपाला किंवा दगडाच्या शिंगाला एक पिवळी चिंधी बांधायची. सगळे पुढे गेले की शेवटच्या माणसाने ती सोडून घ्यायची, कारण मागे राहिलेली चिंधी पुढच्या खेपेला कोणाला तरी भलतीकडे नेते. आणि नियम एकच, पण कडक: पुढची चिंधी डोळ्यांना दिसल्याशिवाय जवळची सोडायची नाही. दिसेपर्यंत तिथेच उभं राहायचं.

शेवटचा माणूस म्हणजे माझी बायको, अनुसूया.

नऊवारीचा काष्टा घट्ट मारून ती सगळ्यांच्या मागे चालत असे. चिंध्या तिच्याच जुन्या हळदी लुगड्याच्या. मी बांधायचो ती चौकोनी गाठ, आणि ती सोडताना अनुसूया दर वेळी चिडायची. "अहो, तुमची गाठ सोडायला दात लागतात!" तिची स्वतःची गाठ वेगळी होती, मोगऱ्याच्या माळेला मारतात तसली, एका ओढीत सुटणारी. अकरा वर्षांत मला ती शिकता आली नाही. सोडलेल्या चिंध्यांची ती गोविंदविड्यासारखी त्रिकोणी घडी करी आणि खाली पोचल्यावर माझ्या हातात ठेवी. "सगळे उतरले. मागे कोणी राहिलं नाही." हे ऐकलं की मग मी वहाणा काढायचो.

जानेवारी १९६० मध्ये तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. मी जात नाही म्हणालो, तर म्हणाली, "जावा तुम्ही. माणसं बस स्टँडवर ताटकळतील. स्वल्प ताप आहे, उद्यापर्यंत उतरेल." मी गेलो. खोटं कशाला बोलू, मला जायचंच होतं. थंडीतली हवा स्वच्छ होती आणि मला तो डोंगर आवडायचा.

रविवारी संध्याकाळी सातला परत आलो तेव्हा दारात चपला होत्या. ती चारलाच गेली होती.

शेजारच्या गोदूबाई तिच्याजवळ होत्या. त्यांनी मला सांगितलं, "अण्णा, दुपारभर तिचं एकच चाललं होतं. 'सगळे उतरले का? मागे कोणी राहिलं का?' मी म्हटलं, कोणी नाही ग. तर ऐकेचना."

सवाशीण गेली म्हणून तिला हिरवं, लाल काठाचं इळकल लुगडं नेसवलं. गौरीसाठी मीच चिकपेटेतून आणलेलं, घडीही न मोडलेलं. नेसवून झाल्यावर पायाशी मला दुकानाचा निळ्या शाईचा शिक्का दिसला. धुतलं नव्हतं म्हणून तसाच होता. माणूस असल्या वेळी काय बघेल सांगता येत नाही. मी तो शिक्काच बघत राहिलो. ते लुगडं तिच्याबरोबर जळताना मी शेवटपर्यंत उभा होतो.

पुढचे अकरा महिने मला एकच गोष्ट खात होती. सगळ्यांना खाली उतरवणाऱ्या बाईला मी एकटीला मागे टाकून गेलो होतो. ती माझ्यावर रागावून गेली का, वाट बघत गेली का, हे मला कोण सांगणार?

डिसेंबरात ठरवलं, एक शेवटची खेप काढायची आणि हा उद्योग बंद करायचा. नऊजण आले. शेवटचा माणूस म्हणून नरसिंहराव, बसवनगुडीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त, पाय पक्के. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला असलेली सत्यवती होती. तिने अनुसूयेबरोबर पाच-सहा चढाया केल्या होत्या. बाकीचे बँकेतले, कचेरीतले.

सकाळी सातला निघालो. दगड रात्रीच्या दवाने ओला होता, पण पायाला धरत होता. किल्ल्याच्या दुसऱ्या तटापाशी थांबलो, तेव्हा नरसिंहराव वर येत म्हणाले, "राव, तुमच्या गाठीची अनुसूयाअक्कांनी उगीचच बदनामी केली. मला तर एका ओढीत सुटल्या."

मी चौकोनीच गाठ मारली होती. दव पडून कापड सैल झालं असेल, असं मनाशी म्हटलं.

माथ्यावर नंदीच्या मंटपात चित्रान्नाच्या पुड्या सोडल्या. नरसिंहरावांनी चिंध्यांची पिशवी माझ्याकडे दिली. आत पाच पिवळ्या चिंध्या होत्या. प्रत्येकीची त्रिकोणी घडी.

"घड्या तुम्ही घातल्यात?"

"मी कशाला घालू? सोडल्या की कोंबल्या आत."

मी सत्यवतीकडे बघितलं. तिला ही घडी माहीत होती. तिने 'मी नाही' अशी मान हलवली आणि हातातला भात तसाच पुडीत ठेवला. मी विषय वाढवला नाही. नऊ माणसांसमोर म्होरक्याने बावचळलेलं दिसू नये.

अकराच्या सुमाराला धुकं आलं. डिसेंबरात ते सकाळचं असतं आणि उन्हाबरोबर जातं, पण त्या दिवशी ते खालून वर चढत आलं. दहा मिनिटांत नंदीचं तोंड दिसेना. तासभर वाट पाहिली. दगडावरून बारीक पाणी झिरपू लागलं, लोक कुडकुडायला लागले, म्हणून मी उतरायचं ठरवलं, चिंध्या खिशात घातल्या आणि रिकामी पिशवी नरसिंहरावांना परत दिली. हा डोंगर मी शंभर वेळा उतरलो होतो.

चूक तिथेच झाली. उतरताना मी पांढऱ्या पट्ट्याच्या उजवीकडून निघालो. नेहमी डावीकडून निघायचो. नेहमी मागून तिची हाक यायची, "अहो, डावीकडनं!" आणि मी चिडून म्हणायचो, "माहितेय मला!" अकरा वर्षं मला वाटत होतं की वाट मला माहीत आहे.

मी दोन पिवळ्या चिंध्या बांधल्या. तिसरी बांधायला जागाच मिळेना. झुडपं संपली होती. दगड पायाखाली हळूहळू कलत चालला होता आणि बुळबुळीत झाला होता. मी एक खडा सोडून पाहिला. तो दोनदा वाजला, मग वाजलाच नाही.

"थांबा," मी म्हणालो. "सगळ्यांनी बसून घ्या. जागचं कोणी हलायचं नाही."

"काय झालं, अण्णा?" सत्यवतीने विचारलं.

"काही नाही. बघतो जरा."

बघण्यासारखं काहीच नव्हतं. ही नऊ माणसं मी इथवर आणली होती आणि त्यांच्या मागे ती नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला मोठ्याने हाक मारली असती, पण लोकांची लाज वाटली.

मग डावीकडे धुकं थोडं विरलं.

दहा-बारा पावलांवर एक खुरटं झुडूप होतं. त्याला चिंधी बांधलेली होती. हिरवी.

डोंगरात हिरवी चिंधी कोणी शहाणा माणूस बांधत नाही. पाल्यात दिसतच नाही ती. मला मात्र ती दिसली, कारण तिला लाल काठ होता.

मी आडवा सरकत तिथपर्यंत गेलो. गाठ माळेची होती.

मी हात लावला नाही. सोडणं हे माझं काम नव्हतं. उभा राहिलो. धुकं पुन्हा विरलं, तेवढ्यापुरतंच, आणि खाली दुसरी दिसली.

"या," मी मागे म्हणालो. "एकामागून एक. डावीकडनं."

तिसरी दगडाच्या शिंगाला होती. चौथी तटाच्या भोकात.

सत्यवती माझ्या पाठीशी होती. ती हळूहळू रडत होती, पण पाऊल बरोबर टाकत होती.

दर वेळी मी थांबे. दर वेळी पुढची दिसे.

सात चिंध्या झाल्या आणि पायाखाली माती आली.

खाली पायथ्याच्या देवळापाशी ऊन होतं. नरसिंहराव शेवटी उतरले, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सगळे उतरले. मागे कोणी राहिलं नाही." हे वाक्य त्यांना कोणी शिकवलं, मी विचारलं नाही. पिशवीत दोन पिवळ्या, सात हिरव्या. सगळ्यांच्या त्रिकोणी घड्या. सातवीची घडी मी उलगडली. कोपऱ्यात दुकानाचा निळा शिक्का होता.

देवळाच्या पायरीवर बसून मी पोरासारखा रडलो. लोकांना वाटलं, वाचलो म्हणून रडतोय. मला एवढंच कळत होतं की जिला मी मागे टाकलं असं अकरा महिने समजत होतो, ती मागे नव्हतीच. पुढे होती. रागावलेला माणूस कोणासाठी वाट बांधत जात नाही.

संध्याकाळी सातला घरी पोचलो. फाटकाच्या कडीशेजारी, वरच्या आडव्या दांडीला, हिरवी चिंधी बांधलेली होती. माळेची गाठ. माझ्यामागे आता कोणी नव्हतं, म्हणजे शेवटचा माणूस मीच. सोडायला हात पुढे केला आणि थांबलो. पुढची कुठे दिसत नव्हती.

तेव्हापासून ती तिथेच होती. पोस्टकार्डं मी बंद केली. रोज सकाळी दुधाला जाताना मी तिला बोट लावायचो आणि येताना इकडेतिकडे बघायचो. रस्त्याच्या टोकापर्यंत, मारुतीच्या पारापर्यंत, कुठे काही नाही. गोदूबाई एकदा म्हणाल्या, "अण्णा, ते चिरगूट काढून टाका हो, कसं दिसतं!" मी म्हटलं, "सरी, बरं, काढतो." काढलं नाही. पिवळ्या चिंध्या एका उन्हाळ्यात पांढऱ्याफटक पडायच्या. ही सात पावसाळे, सात उन्हाळे तिथे राहिली आणि तिचा रंग एक कणभर उतरला नाही.

आज सकाळी दूध घेऊन आलो. मे महिना, आकाश कोरडं, मारुतीच्या पारावरचा पिंपळसुद्धा हलत नव्हता. फाटकाशी उभा राहून सवयीने इकडेतिकडे बघितलं, मग घराकडे. माझ्या खोलीची खिडकी तिथून सरळ दिसते. खिडकीला लागून माझी खाट.

खिडकीच्या गजाला, आतल्या बाजूने, उशाजवळ, हिरवी चिंधी होती. दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात.

मी दूध खाली ठेवलं. फाटकावरची चिंधी धरून ओढली. एका ओढीत सुटली. तिची त्रिकोणी घडी मला इतकी वर्षं जमली नव्हती, आज जमली. अंगणात झाडायला आलेल्या गोदूबाईंनी विचारलं, "काढलंत एकदाचं?"

"काढलं."

आता खाटेवर बसून हे लिहितो आहे. घडी हातात आहे. गोदूबाईंना तिने दुपारभर जे विचारलं होतं, त्याचं उत्तर त्या चुकीचं देत होत्या. मागे कोणी राहिलं का? राहिलं होतं. मी राहिलो होतो.

खिडकीतली चिंधी अजून सोडलेली नाही. पुढची दिसली की सोडीन. बाहेर रखरखीत ऊन आहे आणि हातातली घडी धुक्याने ओली आहे.